विश्लेषण : स्कीमधून लाकूड हटवायला निघालेल्या अभियंत्याला गाभ्यात लाकूडच का ठेवावे लागले?

नोव्हाक जोकोविचच्या रॅकेटवर, बर्फावरच्या शर्यतीत उतरणाऱ्या स्कीपटूंच्या पायाखाली आणि आपल्याकडच्या खेळसाहित्याच्या दुकानांतही एक नाव हमखास दिसते : 'हेड'. हा इंग्रजीतला डोके या अर्थाचा शब्द असावा, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव आहे. हॉवर्ड हेड हा विमान कारखान्यातला अमेरिकी अभियंता. लाकडाच्या फळ्यांवरून घसरण्याचा खेळ त्याने धातूच्या पट्ट्यांवर आणला. स्की कशाची असावी, लाकडाची की कृत्रिम साहित्याची, हा वाद आजही निर्मात्यांमध्ये आणि खेळाडूंमध्ये चालतो. तो समजून घ्यायचा तर हेड यांचे आयुष्य पाहणे हा सोपा मार्ग आहे. कारण वादाच्या दोन्ही बाजू त्यांनी स्वतःच्या पैशांनी तपासून पाहिल्या होत्या.

लेखक व्हायला निघालेला अभियंता

हेड यांचा जन्म ३१ जुलै १९१४ रोजी फिलाडेल्फियात झाला. शिक्षण हार्वर्ड विद्यापीठात. सुरुवातीला त्यांना लेखक व्हायचे होते. पण पुढे विषय बदलून १९३६ मध्ये ते अभियांत्रिकी विज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडले. तरीही लिहिण्याची हौस सुटली नव्हती. वृत्तपटांसाठी आणि वर्तमानपत्रांसाठी काम करून पाहिले, ते जमले नाही. एकामागोमाग नोकऱ्या गेल्या. अखेर एका अभियोग्यता चाचणीत त्यांचा एक गुण ठळकपणे समोर आला. वस्तूची रचना आतून कशी असेल, तिचे भाग एकमेकांत कसे बसतील, हे डोळ्यांसमोर उभे करण्याची त्यांची क्षमता असाधारण होती.

त्यानंतर त्यांनी बाल्टिमोरजवळच्या ग्लेन एल. मार्टिन या विमान कंपनीत नोकरी धरली, तीही अभियंता म्हणून नव्हे तर रिव्हेट ठोकणारा कामगार म्हणून. पदवीधराने हातात रिव्हेटगन घेणे तेव्हाही फारसे प्रतिष्ठेचे नव्हते. पण विमानाचा पत्रा कुठे वाकतो, कुठे फाटतो आणि कुठे टिकतो, हे कागदावरच्या आकृतीपेक्षा तिथे लवकर कळते. काही काळाने ते त्याच कंपनीत अभियंते झाले. दुसऱ्या महायुद्धाची वर्षे त्यांनी तिथेच काढली. कंपनी युद्धासाठी बॉम्बर विमाने बांधत होती आणि विमानाचे वजन कमी करण्यासाठी नवे नवे साहित्य वापरून पाहिले जात होते. त्यात 'सँडविच' पद्धतीच्या रचनेचा समावेश होता : वर आणि खाली पातळ अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, मध्ये हलका गाभा आणि हे सगळे एकत्र धरणारे चिकटद्रव.

स्टोव्हच्या उतारावर काय घडले?

१९४७ च्या हिवाळ्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हेड पहिल्यांदा स्कीइंगला गेले. ठिकाण होते व्हरमाँट राज्यातले स्टोव्ह. ते खेळात पार फसले. सतत पडत राहिले आणि स्वतःवरच वैतागले. सगळेच नवशिके पडतात, आणि पडलेला प्रत्येक नवशिका साहित्याला दोष देतो. हेड यांनीही तेच केले. फरक इतकाच की, साहित्याला दोष देण्याचा अधिकार त्यांच्या पेशाने त्यांना दिला होता. परतीच्या रेल्वे प्रवासात त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळत राहिला. विमाने कधीकाळी लाकडाची होती आणि आता धातूची झाली, मग स्की अजून लाकडाची का?

त्या काळातल्या चांगल्या स्की हिकरी किंवा अ‍ॅश या कठीण लाकडांच्या असत. १९३० च्या दशकात लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून स्की बनवण्याची पद्धत रुळली होती. कडेला पोलादी पट्टी लावण्याची कल्पना ऑस्ट्रियातल्या रुडॉल्फ लेटनर यांनी १९२० च्या दशकातच आणली होती. म्हणजे लाकडी स्की ही निव्वळ फळी राहिली नव्हती. तरी ती लांब, जड आणि बेभरवशाची होती. एकाच झाडातून काढलेल्या दोन फळ्यासुद्धा सारख्या वाकत नाहीत. शिवाय लाकूड ओलावा पिते, सुकते, पिळवटते. हंगाम संपताना स्कीचा बाक पहिल्यासारखा राहत नाही.

याहून महत्त्वाचा दोष पटकन दिसत नाही. लाकडाची ताकद त्याच्या तंतूंच्या दिशेने असते. लांबीच्या दिशेने वाकवले तर ते दाद देत नाही, पण पिळले तर लवकर वळते. ओले कापड पिळतो तशी स्की पिळली जाण्याचा प्रसंग प्रत्येक वळणावर येतो. खेळाडू स्की एका कडेवर कलती करतो, बर्फ त्या कडेला उलट ढकलतो आणि लाकडी स्कीचे टोक सैल पडून वळण सोडून देते. मग वळण पायांच्या आणि खांद्यांच्या जोरावर घ्यावे लागते. वर्षानुवर्षे सराव केलेल्यांना ते जमे. हेड यांच्यासारख्यांना नाही.

अ‍ॅल्युमिनियम इथे कामाला येते. हिकरीच्या तुलनेत ते सुमारे साडेचार-पाच पट ताठ आहे, पण वजनाने तिपटीहून जास्त जड. त्यामुळे नुसत्या अ‍ॅल्युमिनियमची सलग पट्टी केली तर फायदा फार नाही. फायदा सँडविचमध्ये आहे. कोणतीही पट्टी वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो, किंवा उलट. मधल्या भागावर हा ताण जवळजवळ नसतोच. म्हणून ताठ धातू फक्त वर आणि खाली ठेवायचा आणि मध्ये काहीतरी हलके भरायचे. दोन पातळ पत्र्यांमधले अंतर दुप्पट केले की ताठपणा साधारण चौपट होतो, वजन मात्र फक्त गाभ्यापुरते वाढते. टीव्ही किंवा फ्रिज ज्या खोक्यातून घरी येतो त्याच्या पुठ्ठ्याचे तत्त्व हेच : दोन साधे कागद, मध्ये नागमोडी कागद.

पोकरमध्ये जिंकलेले सहा हजार डॉलर

हेड पोकरचे पक्के खेळाडू होते. जिंकलेले ६००० डॉलर त्यांनी घरातल्या पुस्तकांच्या कपाटामागे लपवून ठेवले होते. १९४८ च्या सुरुवातीला त्यांनी विमान कंपनीची नोकरी सोडली आणि त्या पैशांवर बाल्टिमोरमध्ये छोटी जागा भाड्याने घेऊन काम सुरू केले. उद्दिष्ट ठरलेले होते : लाकडी स्कीइतकीच मजबूत, पण वजनाने निम्मी स्की.

पहिली रचना विमानातून थेट उचलल्यासारखी होती. वर-खाली अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या पट्ट्या आणि मधल्या पोकळीत मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी कप्प्यांची प्लास्टिकची जाळी. म्हणजे गाभा पूर्णपणे कृत्रिम. हे थर चिकटवण्यासाठी दाब आणि उष्णता दोन्ही हवी होती, आणि तशी यंत्रे विकत घेण्याइतके पैसे नव्हते. हेड यांनी जुगाड केला. स्कीचे थर रबरी पिशवीत घालायचे, पंपाने पिशवीतली हवा काढून घ्यायची म्हणजे बाहेरची हवा सर्व बाजूंनी सारखा दाब देते, आणि मग ही पिशवी इंजिनातून काढलेल्या जुन्या तेलाच्या तापलेल्या टाकीत बुडवायची. तेलाचे तापमान साधारण १७५ अंश सेल्सिअस. धूर आणि वास किती पसरत असेल, याची कल्पना कोणत्याही गॅरेजमध्ये उभे राहिलेल्याला करता येईल. आज कार्बन फायबरचे भाग बनवताना निर्वात पिशवीचे जे तंत्र वापरतात, तेच हे, फक्त गरिबीतले.

धातूची स्की करणारे हेड पहिलेच होते, असे मात्र नाही. कनेक्टिकटमध्ये चान्स व्हॉट या विमान कंपनीतल्या वेन पिअर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची या तिघा अभियंत्यांनीही युद्ध संपल्यावर अ‍ॅल्युमिनियमची स्की बाजारात आणली होती. ती टिकली नाही. त्याच पिअर्सने पुढे १९५० मध्ये रंगकामाचा काँप्रेसर आणि बागेतल्या पाण्याची नळी वापरून कृत्रिम बर्फ पाडण्याचे यंत्र तयार केले आणि त्या शोधाने स्कीइंगचा सगळा धंदाच बदलला. पण तो वेगळा विषय.

सहाच्या सहा जोड्या मोडल्या

पहिल्या सहा जोड्या घेऊन हेड पुन्हा स्टोव्हला गेले आणि त्यांनी त्या तिथल्या प्रशिक्षकांच्या हाती दिल्या. थोड्याच वेळात एकेक करत सगळ्या मोडल्या. काही महिन्यांचे काम एका दिवसात संपले. हातातले पैसेही संपत आले होते.

इथून पुढची सुमारे तीन वर्षे हेड यांच्या आयुष्यातला सर्वात कठीण आणि सर्वात महत्त्वाचा काळ आहे. बाल्टिमोरमध्ये स्की बनवायची, व्हरमाँटला पाठवायची, प्रशिक्षक ती उतारावर आपटून मोडणार, मोडलेले तुकडे परत येणार, हेड ते तपासणार आणि दुसरी बनवणार. नील रॉबिन्सन या प्रशिक्षकाने या काळात सातत्याने चाचण्या घेतल्या. अशा जवळपास चाळीस रचना झाल्या. विमानाच्या पंखावर येणारा भार मोजता येतो, त्याची कोष्टके हेड यांच्या हाताखालून गेलेली होती. उतारावरून ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने जाणारा माणूस बर्फाखालच्या दगडावर आदळतो तेव्हा स्कीवर नेमके काय येते, याचे कोष्टक तेव्हा कोणाकडेच नव्हते. मोडलेली स्की हीच त्यांची मोजपट्टी होती.

एकेक दोष सुटत गेला. अ‍ॅल्युमिनियमची कड बर्फावर लगेच बोथट होई, म्हणून पोलादी कड आली. धातूच्या तळाला बर्फ चिकटे. धातू उष्णता पटकन वाहून नेतो, त्यामुळे घर्षणाने वितळलेले पाणी तळाशीच पुन्हा गोठते. म्हणून तळाला प्लास्टिकचा थर आला.

आणि गाभ्यातली प्लास्टिकची जाळी गेली. तिच्या जागी प्लायवूड आले, म्हणजे लाकूड.

गाभ्यात लाकूड परत का आले?

स्कीच्या गाभ्याला वाकण्याचा ताण फारसा सोसावा लागत नाही हे खरे, पण म्हणून त्याचे काम हलके आहे असे नाही. पट्टी वाकताना वरचा आणि खालचा पत्रा एकमेकांच्या विरुद्ध दिशेने सरकू पाहतात. त्यांना जागेवर धरून ठेवण्याचे काम गाभ्याचे. पत्त्यांचा जोड हातात वाकवला तर पाने एकमेकांवरून घसरतात आणि जोड सहज वाकतो. पाने एकमेकांना चिकटवली तर तोच जोड कडक फळी होतो. गाभा किंवा त्याचा चिकटलेला सांधा एका ठिकाणी जरी सुटला तरी दोन मजबूत पत्रे पुन्हा दोन सुटे, लेचेपेचे पत्रे होतात.

दुसरे, विमानाच्या पंखावर भार पसरून येतो. स्कीवर तो एका जागी, बुटाखाली येतो. बूट ज्या बाइंडिंगमध्ये अडकतो ती बाइंडिंग स्कीला स्क्रूने बसवतात. पोकळ कप्प्यांच्या जाळीत स्क्रू धरून ठेवायला काही नसते. लाकडात तो घट्ट बसतो, आणि पडताना बसणारा हिसका लाकडाचे तंतू वाटून घेतात.

तिसरे, लाकूड सच्छिद्र असते. चिकटद्रव त्याच्या पेशींमध्ये शिरतो आणि पकड बसते. चौथी गोष्ट कंपनांची. धातू घंटेसारखा वाजतो. कठीण बर्फावर वेगात जाताना ही थरथर पायांपर्यंत येते आणि कड बर्फावरून उडते. लाकूड ती थरथर शोषून घेते. शिवाय लाकूड हजारो वेळा वाकूनही सहजी थकत नाही, कारण वाऱ्यात वाकत उभे राहणे हेच झाडाचे आयुष्यभराचे काम असते.

थोडे खोलात गेले तर लक्षात येते की लाकूड स्वतःच कप्प्यांची जाळी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पोकळ नळ्या दाटीवाटीने रचलेल्या दिसतात. हेड यांनी विमान कारखान्यातून आणलेल्या षटकोनी जाळीसारखीच ही रचना, फक्त कितीतरी बारीक. त्यांना हटवायचा होता तो लाकडाचा दुबळेपणा, आणि तो पिळात व ओलाव्यात होता. पिळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांनी सोसला, ओलावा पत्रा आणि प्लास्टिकने बाहेर अडवला. आत लाकूड सुरक्षित राहिले आणि जे त्याला उत्तम जमते तेवढेच त्याच्याकडे उरले. निम्म्या वजनाचे मूळ स्वप्न मात्र हेड यांना सोडून द्यावे लागले.

१९५० च्या वसंतात न्यू हॅम्पशायरमधल्या टकरमन रॅव्हिन या तीव्र उताराच्या दरीत क्लिफ टेलर हा प्रशिक्षक नव्या स्कीवर उतरला. सलग, सफाईने वळणे घेत तो खाली आला आणि स्की मोडली नाही. हेड तिथे उभे राहून पाहत होते. (हाच टेलर पुढे आखूड स्कीपासून सुरुवात करून लांबी वाढवत नेण्याच्या शिकवण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध झाला.)

नवशिक्यांची स्की, 'चीटर'

ही स्की 'हेड स्टँडर्ड' नावाने विकली गेली. काळीभोर, साधी, नक्षी नसलेली आणि लाकडी स्कीच्या तुलनेत खूपच महाग. तरी ती खपली, कारण तिच्यावर साधारण खेळाडूलाही वळता येत होते. टोक पिळले जात नसल्याने स्की कलती केली की वळण जवळपास आपोआप सुरू होई. जुन्या खेळाडूंनी या स्कीला 'चीटर', म्हणजे लबाडी करणारी, असे नाव ठेवले. विक्रीसाठी याहून चांगली जाहिरात शोधूनही सापडली नसती. ज्या खेळात तरबेज व्हायला अनेक हिवाळे लागत, तो सुटीत दोन आठवडे येणाऱ्या नोकरदारांच्या आवाक्यात आला. अमेरिकेत युद्धानंतर स्कीइंगचा जो प्रसार झाला, त्यात नव्या रिसॉर्टांइतकाच या काळ्या पट्टीचाही वाटा आहे.

१९६० मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्वॉ व्हॅली ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या ज्याँ व्हुआर्ने यांनी पुरुषांची डाउनहिल शर्यत धातूच्या स्कीवर जिंकली. ती स्की हेड यांची नव्हती, फ्रान्सच्या रॉसिन्योल कंपनीची होती. पण धातूची स्की हे फक्त नवशिक्यांचे साधन आहे, हा समज त्या दिवशी संपला. वेगवान शर्यतींत थरथरीचा प्रश्न मात्र उरला होता. त्यावर हेड यांनी 'कॉम्पिटिशन' मॉडेलमध्ये थरांच्या मध्ये रबराचा पातळ थर घालून उपाय काढला. १९६० च्या दशकाच्या मध्यावर हेड ही अमेरिकेतली स्की बनवणारी आघाडीची कंपनी होती.

मग फायबरग्लास त्यांच्या नजरेतून कसे सुटले?

खरे तर सुटले नाही. ते त्यांना पटले नाही. १९६० च्या सुमारास ऑस्ट्रियात क्नाइस्ल कंपनीने 'व्हाइट स्टार' ही प्लास्टिक-फायबरग्लासची स्की आणली. १९६४ मध्ये रॉसिन्योलची 'स्ट्राटो' आली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या व्हॅशन बेटावर बिल किर्शनर यांनी १९६० च्या दशकात 'के-टू' स्की सुरू केली. त्यांच्या कुटुंबाचा कारखाना तोवर जनावरांचे पिंजरे आणि मोडलेल्या हाडांना आधार देणाऱ्या पट्ट्या फायबरग्लासमध्ये बनवत असे.

फायबरग्लासचे दोन फायदे होते. एक, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मर्यादेपलीकडे वाकला की वाकलेलाच राहतो, फायबरग्लास परत सरळ होते. दोन, काचेच्या धाग्यांची दिशा ठरवता येते. लांबीच्या दिशेने किती धागे आणि तिरपे किती, यावरून स्की किती वाकावी आणि किती पिळली जावी हे वेगवेगळे ठरवता येते. पत्र्याला अशी दिशा नसते. आखूड, नागमोडी वळणांच्या स्लॅलम शर्यतीत हा फरक लगेच जाणवला.

हेड धातूवर ठाम राहिले. लाकडाची सवय सुटत नाही म्हणून ज्यांना त्यांनी मागे टाकले होते, त्यांच्यासारखीच त्यांची स्वतःची अवस्था झाली होती, हे म्हणणे कठोर वाटेल, पण चुकीचे नाही. दशकाच्या शेवटी कंपनीने ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकलेल्या ज्याँ-क्लोद किली याच्या नावाची स्की आणली. तोवर तरुण खेळाडू दुसरीकडे वळले होते. १९६९ मध्ये हेड यांनी कंपनी एएमएफ या समूहाला सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरला विकली. त्याच वर्षी हार्ले-डेव्हिडसनची मालकीही याच समूहाकडे गेली होती.

यातला एक तपशील बहुतेक वेळा सांगायचा राहून जातो. धातूच्या पत्र्यांची जागा फायबरग्लासने घेतली, पण के-टूसारख्या स्कीमध्येही फायबरग्लासचे वेष्टन लाकडी गाभ्याभोवतीच गुंडाळले जात होते.

टेनिसमध्येही तोच हट्ट

निवृत्तीनंतर हेड टेनिस शिकायला गेले आणि तिथेही फसले. सरावासाठी त्यांनी प्रिन्स नावाच्या छोट्या कंपनीचे चेंडूफेकी यंत्र घेतले. ते समाधानकारक चालेना म्हणून ते सुधारत बसले आणि १९७१ मध्ये त्या कंपनीचेच अध्यक्ष झाले. मग नजर रॅकेटकडे वळली. चेंडू मधोमध लागला नाही की रॅकेट हातात पिळली जाते. पुन्हा पिळच. रॅकेट रुंद केली तर हा पिळ रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, हे त्यांनी ओळखले. नियमांत रॅकेटच्या आकाराला तेव्हा बंधनच नव्हते. १९७६ मध्ये मोठ्या आकाराच्या रॅकेटचे पेटंट त्यांना मिळाले. लोक आधी हसले. १९७८ मध्ये सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर प्रिन्सची मोठी रॅकेट घेऊन अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचली. १९८२ मध्ये प्रिन्स कंपनी ६ कोटी २० लाख डॉलरला विकली गेली.

टेनिसमध्ये लाकूड पूर्ण गेले. १९८१ मध्ये जिंकलेला जॉन मॅकेन्रो हा लाकडी रॅकेटने विम्बल्डन जिंकणारा शेवटचा पुरुष विजेता. क्रिकेटमध्ये उलट घडले. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थ कसोटीत डेनिस लिली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, इंग्लंडने आक्षेप घेतला, आणि पुढच्या वर्षी बॅटचे पाते लाकडाचेच हवे असा नियम झाला. स्कीमध्ये गाभा लाकडाचा असावा असा नियम कुणी केला नाही. तिथे लाकूड टिकले ते स्पर्धा करूनच.

उत्तरायुष्यात हेड यांचे नाव खेळाबाहेरही जोडले गेले. बाल्टिमोरच्या सेंटर स्टेज या नाट्यसंस्थेतले एक नाट्यगृह आणि कोलोरॅडोतल्या व्हेलमधले क्रीडा वैद्यक केंद्र त्यांच्या नावाने आहे. ३ मार्च १९९१ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची कागदपत्रे आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहेत.

आज स्कीच्या आत काय असते?

कृत्रिम गाभ्याचे प्रयोग हेड यांच्यानंतर थांबले नाहीत. १९७० च्या दशकात हेक्सेल या विमान उद्योगाला साहित्य पुरवणाऱ्या कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या षटकोनी जाळीचा गाभा असलेली, अतिशय हलकी स्की विकली. हेड यांची १९४८ ची कल्पना तोवर बनवता येण्याजोगी झाली होती. पण स्की बनवणाऱ्यांनी ती सर्रास स्वीकारली नाही.

सर्वात जास्त पसरला तो पॉलियुरेथेन फोम. साचा बंद करून आत द्रव रसायने सोडायची. ती फुगून सगळी पोकळी भरतात आणि थरांना स्वतःच चिकटतात. लाकूड निवडणे, सुकवणे, पट्ट्या कापणे, जोडणे, रंधा मारणे हे सगळे वाचते. प्रत्येक जोडी सारखी निघते, ओलाव्याची भीती नाही, वजन कमी. म्हणून लहान मुलांच्या, नवशिक्यांच्या आणि भाड्याने देण्याच्या स्कीमध्ये फोम खूप दिसतो आणि त्या कामासाठी तो वाईट नाही. अडचण वापराच्या तासांची आहे. वारंवार वाकून फोमची ताकद हळूहळू कमी होते, स्की मऊ पडते आणि स्क्रूची पकडही लाकडाइतकी राहत नाही, त्यामुळे बाइंडिंगखाली वेगळी पट्टी घालावी लागते.

लाकडातही आता एकच लाकूड राहिलेले नाही. पॉलोनियाचे वजन घनमीटरला ३०० किलोच्या आसपास, पॉपलरचे ४०० ते ४५०, तर अ‍ॅश आणि बीचचे ६५० ते ७०० किलो. चढ चढून जाणाऱ्यांच्या हलक्या स्कीमध्ये पॉलोनिया वापरतात, बुटाखाली जिथे स्क्रू बसतात तिथे अ‍ॅश किंवा बीचच्या पट्ट्या मिसळतात. या पट्ट्या उभ्या लावून चिकटवलेल्या असतात. एखाद्या पट्टीत गाठ असली किंवा ती पिळू पाहत असली तरी शेजारच्या पट्ट्या तिला धरून ठेवतात. एकाच फळीचा बेभरवशीपणा अशा रीतीने विभागून जातो.

विश्वचषकाच्या शर्यतीत आज वापरल्या जाणाऱ्या स्कीचा आडवा छेद घेतला तर खालून वर जाताना थर साधारण असे दिसतात : प्लास्टिकचा तळ आणि पोलादी कडा, थरथर शोषणारे रबर, टायटनल नावाच्या कणखर अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा, फायबरग्लास, लाकडाचा गाभा, पुन्हा फायबरग्लास आणि पुन्हा टायटनल. लिंडसी व्हॉनने २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचे सुवर्णपदक हेडच्याच स्कीवर जिंकले.